पाण्याच्या वाटा राखण्यासाठी प्रारूप विकास योजनेवर हरकत कशी नोंदवावी

कोकणातल्या लहान शहरांचे पुढच्या वीस वर्षांचे रूप एका नकाशावर ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार प्रत्येक नगरपरिषदेला आणि नगरपंचायतीला आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावी लागते आणि निदान वीस वर्षांतून एकदा तिची सुधारणा करावी लागते. रस्ता कुठून जाणार, घरे कुठे होणार, कचरा कुठे पडणार, कोणती जमीन हिरवी राहणार, हे सगळे त्या योजनेत ठरते. तिचा मसुदा, म्हणजे प्रारूप, प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ही मुदत बहुतेकांच्या नकळत उलटून जाते. ज्यांच्या लक्षात येते त्यांचे अर्जही पुष्कळदा ‘माझ्या जागेवरचे आरक्षण (सार्वजनिक कामासाठी ती राखून ठेवणे) उठवावे’ एवढ्यापुरतेच असतात. स्वतःच्या जमिनीसाठी बोलण्यात गैर काहीच नाही. परंतु गावाचा पऱ्या (लहान ओढा), गावाचे तळे, गावाचा सडा (जांभ्या खडकाचे उघडे पठार) यांच्या वतीने लिहिलेला अर्ज त्या गठ्ठ्यात क्वचितच सापडतो. तो अर्ज कसा तयार करावा, त्याला वजन कसे यावे आणि तो दिल्यानंतर काय करावे, हे पुढे सांगितले आहे. गुहागर, दापोली, लांजा, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ अशा कोणत्याही गावात राहणाऱ्याला ही पद्धत वापरता येईल.

सुरुवात पाण्यापासून का करावी

कोकणात नियोजनाचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे, कारण इथे पाणी चार महिने आवरत नाही आणि उन्हाळ्यात पुरत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही मे महिन्यात कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. या दोन्ही गोष्टींचे मूळ जमिनीच्या घडणीत आहे. वरचा जांभ्याचा सडा सच्छिद्र आणि भेगाळलेला असतो. त्यावर पडलेले पाणी मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यांवर वाडीच्या विहिरी जगतात. जे मुरत नाही ते पऱ्यातून, मग व्हाळातून (मोठ्या ओढ्यातून), मळ्यांमधून (सखल भातशेतीतून) आणि शेवटी खाजणातून (खाडीकाठच्या खारट सखल जमिनीतून) खाडीला मिळते. सडा, उतार, वाडी, मळा, खाजण आणि खाडी ही एकच साखळी आहे. नकाशावर मात्र तिचे तुकडे पडतात, कारण रस्ता आणि वापरपट्टे (कोणत्या भागात जमिनीचा कोणता वापर चालेल ते ठरवणारे पट्टे) आखताना सोय पाहिली जाते ती मोकळ्या जागेची, आणि मोकळी जागा म्हणजे बहुधा पाण्याचीच जागा असते.

हे पाणी किती असते त्याचा अंदाज हरकत लिहिणाऱ्याला असायला हवा. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १०,००० लिटर पाणी होते, आणि एका एकरावर चार लाख लिटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. सड्यावरच्या दहा एकरांवर प्लॉट पाडून ते काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आणि पत्र्यांनी झाकले, तर पूर्वी मुरणाऱ्या पाण्याचा फार मोठा वाटा काही तासांत खालच्या वाडीकडे धावत येतो. त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती असेल, तर त्या पाण्याला पुढे जायला वाट नसते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे आणि महाडमध्ये सावित्रीचे पाणी शहरात शिरले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीला एकच कारण नसते. अतिवृष्टी तर होतीच. परंतु आपल्या शहराचा नकाशा पाण्याला किती जागा सोडतो, हा त्यातला माणसाच्या हातातला भाग आहे, आणि म्हणून हरकतीचा विषयही तोच असावा असे माझे ठाम मत आहे.

प्रारूप येण्यापूर्वीची तयारी

प्रारूप प्रसिद्ध होण्याची वाट पाहत बसू नये. त्याआधी दोन टप्पे होऊन गेलेले असतात. कलम २३ खाली नगरपरिषद योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते आणि कलम २५ खाली विद्यमान जमीनवापर नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय आहे याची नोंद केली जाते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा कागद हाच आहे आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा कागदही हाच आहे. या नकाशात पऱ्या मधेच तुटला, तळे ‘खोलगट जागा’ झाले, खाजण ‘रिकामी जमीन’ ठरली किंवा सडा ‘पडीक’ म्हणून रंगवला गेला, तर पुढच्या प्रस्तावित नकाशात त्या जागेवर काहीही आखता येते आणि आखणाऱ्याने कागदाप्रमाणे चूक केलेली नसते. म्हणून इरादा जाहीर झाल्याचे कळताच नगरपरिषदेकडे लेखी पत्र देऊन गावातले पऱ्ये, व्हाळ, तळी, सार्वजनिक विहिरी, झरे आणि उघाड्या (खाजणाच्या बांधातली पाणी अडवण्या-सोडण्याची दारे) यांची यादी द्यावी आणि ती विद्यमान जमीनवापर नकाशात नोंदवण्याची विनंती करावी. हे एक पत्र पुढच्या दहा हरकती वाचवते.

यादी तोंडी माहितीवर न करता कागदांवरून करावी. भूमि अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा आणि संबंधित गटांचे नकाशे यांच्या नकला घ्याव्यात. जुन्या गाव नकाशात पऱ्ये आणि व्हाळ बहुधा स्पष्ट दाखवलेले असतात आणि तोच पुरावा सुनावणीत सर्वांत जास्त टिकतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मिळतात. त्यांवरच्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून) पाणी कुठून कुठे उतरते ते कळते. नदीकाठच्या शहरांसाठी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा मागवाव्यात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. किनारा आणि खाडीलगतच्या भागासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा पाहावा. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन वेळा निघाल्या असून त्यांतली बांधकामावरच्या निर्बंधांची अंतरे वेगवेगळी आहेत. त्यामुळे आपल्या जिल्ह्याला आज कोणता मंजूर आराखडा लागू आहे याची खात्री करूनच अंतराचा उल्लेख करावा. चुकीचे अंतर लिहिलेला अर्ज चांगल्या मुद्द्यासकट बाजूला पडतो. जैवविविधता कायदा, २००२ खाली नगरपरिषदेने केलेली लोक जैवविविधता नोंदवही असेल तर तिची प्रतही घ्यावी. जो कागद कार्यालय सहज देत नाही तो माहितीच्या अधिकाराखाली मागावा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि म्हणूनच हा अर्ज प्रारूप येण्यापूर्वी गेलेला बरा.

पावसात फिरून पाहणी

कागद गोळा झाल्यावर पावसाळ्यात पायी फिरावे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नियोजनकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी त्यांनी भारतातल्या अनेक शहरांची पाहणी केली होती. आधी पाहणी, मग आराखडा हा त्यांचा आग्रह होता, आणि तळी बुजवण्यापेक्षा ती साफ करून राखावीत असे ते सांगत असत. शंभर वर्षांनंतरही आपल्या गावांसाठी याहून चांगली सुरुवात मला ठाऊक नाही.

पावसाची मोठी सर ओसरल्यावर तासाभरात बाहेर पडावे आणि सड्यापासून खाडीपर्यंत एकाच पऱ्याच्या कडेने चालत जावे. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी थांबून पाहावे की वरच्या बाजूला पाणी तुंबते का, मोरीचे तोंड पऱ्याच्या रुंदीच्या मानाने केवढे आहे, नळात गाळ किती साचला आहे. कुंपणांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडचा जुना गडगा सुक्या दगडांनी रचलेला असतो. त्याच्या फटींतून पाणी गाळून पलीकडे जाते आणि माती अलीकडे राहते. त्याच ओळीत आता सिमेंटने सांधलेली चिऱ्यांची भिंत आली की पाणी तिच्याकडेने वळते आणि शेजाऱ्याच्या खळ्यात उतरते. मालकाने खाली दोन भोके ठेवलेली असतात. त्यांत पहिल्याच पावसात पातेरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात आणि भिंतीवर गुडघाभर उंचीवर काडीकचऱ्याची रेघ उमटते. त्या रेघेचे छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी धरावी, दिनांक आणि वेळ दिसेल असे पाहावे आणि तिथला गट क्रमांक लगेच वहीत लिहावा. सुनावणीत ‘इथे खूप पाणी येते’ या वाक्यापेक्षा हे एक छायाचित्र अधिक बोलते.

फिरताना वयस्कर माणसांना बरोबर घ्यावे. कोणता मळा किती दिवस पाण्याखाली असतो, कोणत्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहते, उधाणाच्या भरतीला खारे पाणी कुठवर चढते, उघाडीच्या फळ्या कोण घालत असे आणि ते काम केव्हा थांबले, ही माहिती कोणत्याही सरकारी नकाशात नसते. अर्जात ती ‘स्थानिक रहिवाशांच्या माहितीनुसार’ अशी लिहावी आणि शक्य असेल तिथे दोघा-तिघांच्या सह्या घ्याव्यात. पाहणी उन्हाळ्यातही एकदा करावी, कारण झरे आणि विहिरी यांची खरी किंमत तेव्हाच कळते.

प्रारूप हाती आल्यावर काय पाहावे

प्रारूपात नकाशे, अहवाल आणि विकास नियंत्रण नियमांचा संदर्भ असतो. नकाशातली रंगसूची आधी वाचावी, मग विद्यमान जमीनवापर नकाशा आणि प्रस्तावित नकाशा शेजारी ठेवून एकेका पऱ्यावर बोट ठेवत दोन्हींवरून जावे. पाणी दोन्ही नकाशांत सलग वाहते का, एवढा एकच प्रश्न विचारत राहावे. जिथे ते थांबते तिथे आपली हरकत आहे.

काही चुका वारंवार आढळतात. नवा रस्ता उताराला आडवा आखला जातो आणि त्याचा भराव पाण्यासाठी बांध ठरतो. पऱ्याची मोकळी पट्टी आयती मिळते म्हणून रस्ता थेट पऱ्यावरून काढला जातो. क्रीडांगण, बाजार, बस स्थानक, नाट्यगृह यांची आरक्षणे मळ्यांवर आणि खाजणांवर पडतात, कारण तिथे घरे नसतात आणि विरोध करणारेही कमी असतात. घनकचऱ्याची जागा गावाबाहेर म्हणून सड्यावर दाखवली जाते, परंतु सडा सच्छिद्र असल्याने तिथला निचरा खालच्या विहिरींकडे जातो, हे कोणी पाहत नाही. कांदळवनांच्या (खारफुटीच्या जंगलांच्या) बाबतीत तर कायदा स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली आणि जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. प्रारूपात कांदळवनावर किंवा त्या पट्ट्यात काही आखलेले दिसले तर या निकालाचा उल्लेख करून हरकत घ्यावी.

सड्याबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते. महसुली नोंदीत सडा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) असतो, त्यामुळे निवासी किंवा औद्योगिक पिवळा-जांभळा रंग सर्वांत सहज त्याच्यावर चढतो. वास्तविक तो खालच्या वाड्यांचे पाण्याचे कोठार आहे. पावसाळ्यात त्यावर उगवणाऱ्या रानफुलांचे आणि गवतांचे एक वेगळेच जग आहे, गुरांना चराई आहे, आणि कित्येक सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरूण, काशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी अशा ठिकाणच्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. आपल्या हद्दीतल्या सड्यावर असे काही असेल तर त्याचे स्थान, छायाचित्र आणि गट क्रमांक हरकतीला जोडावा. नसेल तरीही पाणी मुरवणारी जमीन म्हणून सड्याचे स्वतंत्र संरक्षण मागता येते, आणि झऱ्याच्या वरच्या बाजूचा सडा तर सोडूच नये.

अर्ज कसा लिहावा

एका अर्जात एकच जागा आणि एकच मुद्दा असावा. दहा तक्रारी एकत्र केलेल्या अर्जाला एक आवक क्रमांक मिळतो आणि त्यावर एकच निर्णय होतो. त्यातला सर्वांत कच्चा मुद्दा बाकीच्यांना खाली ओढतो. वेगवेगळे दहा अर्ज दिले तर प्रत्येकावर निर्णय नोंदवावा लागतो. छापील मजकुरावर शेकडो सह्या गोळा करण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने लोकभावना दिसते हे खरे, तरी एकाच मजकुराच्या प्रती एकत्र धरून त्यांवर निर्णय दिला जातो. त्यापेक्षा एका पऱ्यावरच्या पाच घरांनी आपापल्या गटापुरते पाच वेगळे अर्ज देणे अधिक उपयोगी पडते.

अर्जात जागेची ओळख, प्रारूपातली चूक, पुरावा, होणारा परिणाम आणि मागणी एवढे सगळे यावे, आणि मागणीला पर्यायही असावा. ‘रस्ता रद्द करा’ एवढेच लिहिले तर समितीला होय किंवा नाही एवढेच म्हणता येते. पर्याय दिला तर बदलासह मान्य करण्याची वाट उघडी राहते. पुढचा नमुना रिकाम्या जागा भरून वापरता येईल.

“प्रति, मा. मुख्याधिकारी, ____ नगरपरिषद. विषय : प्रारूप विकास योजनेवर कलम २६ अन्वये हरकत व सूचना. नकाशा क्र. __, गट क्र. __ ते __, प्रस्तावित रस्ता क्र. __.

महोदय, वरील गटांमधून वाहणारा पऱ्या जुन्या गाव नकाशात सलग दाखवलेला आहे (जोडपत्र १). प्रारूपाच्या विद्यमान जमीनवापर नकाशात तो गट क्र. __ पाशी तुटतो आणि प्रस्तावित रस्ता त्याच जागेवरून आखला आहे. पावसाळ्यात वरच्या सड्याचे पाणी याच मार्गाने खाडीस मिळते (जोडपत्र २, दिनांकित छायाचित्रे). हा मार्ग बंद झाल्यास गट क्र. __ मधील घरांत व सार्वजनिक विहिरीत पाणी शिरण्याचा धोका आहे. सबब विनंती की, पऱ्या विद्यमान व प्रस्तावित अशा दोन्ही नकाशांत सलग दाखवावा. रस्त्याची आखणी गट क्र. __ च्या पूर्व बांधाकडून, जुन्या पाखाडीला (पायवाटेला) धरून करावी. आणि ते शक्य नसल्यास पऱ्या ओलांडण्याच्या जागी नळाची मोरी न घालता पऱ्याच्या पूर्ण रुंदीचा पूल प्रस्तावित करावा. या अर्जावर मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी. कळावे, आपला विश्वासू.”

शेवटून दुसरे वाक्य, म्हणजे सुनावणीची मागणी, कधीही गाळू नये. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा आणि ती प्रत जपून ठेवावी. मुदत किती आहे ते प्रसिद्ध झालेल्या सूचनेत दिलेले असते. शेवटच्या दिवसावर विसंबू नये.

काय मागावे आणि काय मागू नये

येथे एक सल्ला आग्रहाने द्यावासा वाटतो. पऱ्याच्या काठाला, तळ्याच्या भोवतालाला किंवा मळ्याला वाचवण्यासाठी ‘उद्यानाचे आरक्षण टाका’ अशी मागणी शक्यतो करू नये. आरक्षण टाकले की ती जमीन नगरपरिषदेला संपादित करावी लागते, आणि लहान नगरपरिषदांकडे त्यासाठी पैसा नसतो. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. मग जमीन मोकळी होते आणि तिच्यावर बांधकामाचा दावा अधिकच बळकट होतो. त्याऐवजी वापरपट्टा मागावा, म्हणजे ती जमीन शेती किंवा हरित पट्ट्यात ठेवावी, पाण्याच्या मार्गालगत ठरावीक रुंदीत भराव आणि पक्के कुंपण यांना मनाई असावी आणि मालकाची शेती, बाग, आगर चालू राहावे. यात मालकाची जमीन जात नाही, नगरपरिषदेवर बोजा पडत नाही आणि पाण्याची वाट राहते. ज्याच्या माडाच्या आगरावर आपण उद्यानाचे आरक्षण मागणार आहोत तो आपला शेजारी आहे, आणि त्याच्या पिढ्यांनी ती हिरवळ स्वतःच्या कष्टाने राखली आहे, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. हरकत देण्यापूर्वी त्याच्याशी बोलावे; पुष्कळदा तोच सहीला पुढे येतो.

सार्वजनिक तळ्याची गोष्ट वेगळी. ते आधीच सार्वजनिक असेल तर त्याची हद्द मोजून नकाशात दाखवण्याची आणि त्याला पाणी आणणाऱ्या वाटा खुल्या ठेवण्याची मागणी करावी. सावंतवाडीचा मोती तलाव शहराच्या मध्यभागी राहिला म्हणून आज तिथल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा आहे. तळे राखल्याने शहराची वाढ अडते, असे म्हणणाऱ्याला ते उदाहरण द्यावे.

सांडपाणी हा कोकणातल्या शहरांचा झाकलेला प्रश्न आहे. बहुतेक घरांना सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो, आणि जांभ्याच्या जमिनीत शोषखड्ड्याचे पाणी उताराच्या विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. त्यामुळे मैला गाळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रासाठी जागा प्रारूपात आहे का, आणि ती पूररेषेबाहेर व विहिरींपासून दूर आहे का, हे अवश्य पाहावे. कचऱ्याच्या बाबतीत वेंगुर्ले नगरपरिषदेने ओला-सुका कचरा वेगळा करून आपल्या कचरा डेपोची जागा लोकांनी भेट द्यावी अशी करून दाखवली. मुद्दा एवढाच की वर्गीकरण आणि खत यांसाठी लागणारी जागा योजनेत आधीच धरावी लागते.

पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना बंधनकारक आहे. सड्यावरच्या वसाहतींसाठी लहान भूखंडांनाही ते लागू करावे, अशी सूचना देता येते. जुन्या झाडांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. रस्तारुंदीकरणात येणारे वड, पिंपळ, उंबर आणि आंबे यांची यादी गट क्रमांकांसह जोडावी. पाखाड्या मात्र सहसा नकाशातून निसटतात. शाळा, बाजार आणि देऊळ यांना जोडणाऱ्या या पायवाटा पादचारी मार्ग म्हणून दाखवाव्यात, एवढी मागणी प्रत्येक वाडीने करायला हरकत नाही.

सुनावणी आणि त्यापुढचे काम

हरकतींवर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात नगरपरिषदेचे सदस्य आणि शासनाच्या वतीने नेमलेले तज्ज्ञ असतात. प्रत्येकाला फार थोडी मिनिटे मिळतात. तेवढ्यात संपूर्ण पर्यावरण मांडायला जाऊ नये. गट क्रमांक सांगावा, दोन नकाशे शेजारी ठेवावेत, पऱ्या कुठे तुटला ते बोटाने दाखवावे, एक छायाचित्र पुढे करावे आणि पर्यायी आखणी सांगून थांबावे. समितीतल्या तज्ज्ञाने तांत्रिक प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसले तर जागेवर येऊन पाहणी करण्याची विनंती करावी. ती नोंदवून घेतली जाईल असे पाहावे. आवाज चढवल्याने मुद्दा बाजूला राहतो, आणि समोरचा अधिकारीही अपुऱ्या मनुष्यबळात काम करत असतो. मालवणीत, कोकणीत किंवा आपल्या बोलीत बोलायला अजिबात संकोचू नये. मागणी लेखी दिलेली आहे तेवढे पुरे.

समितीचा अहवाल नगरपरिषदेकडे जातो, तिथे फेरबदल होतात आणि योजना मंजुरीसाठी शासनाकडे पाठवली जाते. फेरबदलांची सूचना प्रसिद्ध होते तेव्हा आपली मागणी मान्य झाली का एवढेच पाहून थांबू नये. आपल्या पऱ्याच्या वरच्या बाजूला नवीन काही आले आहे का तेही तपासावे. कलम ३१ खाली मंजुरी देताना शासनाने मोठे बदल सुचवले तर त्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात, आणि ही दुसरी संधी पहिल्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते. आपला अर्ज फेटाळला गेला असेल तर त्याची कारणे असलेल्या पानांची प्रत माहितीच्या अधिकाराखाली घ्यावी, कारण पुढच्या टप्प्यावर नेमके त्या कारणांना उत्तर द्यावे लागते.

योजना मंजूर झाल्यावरही ती जशीच्या तशी राहील असे नाही. कलम ३७ खाली एखाद्या गटाचा वापर बदलण्याचा प्रस्ताव पुढे येतो, त्याची छोटी सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर आणि नगरपरिषदेच्या फलकावर लागते, आणि हरित पट्ट्यातला मळा निवासी होतो. म्हणून प्रत्येक प्रभागातल्या एका माणसाने दर आठवड्याला फलक वाचण्याचे काम अंगावर घ्यावे, आणि हरकतीच्या वेळी जमवलेले गाव नकाशे, पूररेषा, छायाचित्रे आणि विहिरींची यादी एका फाइलमध्ये ग्रंथालयात किंवा वाडीच्या मंडळाकडे ठेवावी, म्हणजे नवी सूचना निघाली की त्याच आठवड्यात अर्ज लिहिता येईल.